स्वस्त ‘व्हेज-टॅन’ चामडे : चाळीस दिवसांचा हिशेब



यंदा उन्हाळ्याच्या सुट्टीत आपल्या मंडळाच्या सभागृहात चर्मकलेचे आठ दिवसांचे शिबिर झाले. शाळकरी मुले होती, दोन-तीन सुना होत्या आणि माझ्यासारखे चार निवृत्तही होते. जमाखर्च नेहमीप्रमाणे माझ्याकडे आला. त्यामुळे चामडे मागवण्याचे कामही माझ्याच गळ्यात पडले. ‘व्हेज-टॅन लागेल,’ एवढेच मला सांगण्यात आले होते. आमच्या सौभाग्यवतींनी विचारले, ‘‘व्हेज म्हणजे शाकाहारी का?’’ मी हसलो खरा, पण मलाही नीट उत्तर देता आले नाही.

ऑनलाइन शोधल्यावर भाव चौरस फुटाला नव्वद रुपयांपासून पाचशेपर्यंत दिसले. वर्णन सगळीकडे तेच : शुद्ध, अस्सल, पर्यावरणस्नेही. बँकेत पस्तीस वर्षे काढलेल्या माणसाने जे करू नये तेच मी केले. तीन कोटेशने घेतली आणि सर्वांत कमी भावाची मंजूर केली. वीस चौरस फूट, दर १२० रुपये.

शिबिराच्या पहिल्या दिवशी अथणीकडून शिकवायला आलेल्या कारागिरांनी गुंडाळी उलगडली, रापीने एक कोपरा तासला आणि कड माझ्यासमोर धरली. दोन्ही बाजूंनी तपकिरी रंग होता, पण मधोमध निळसर राखाडी रेघ. ‘‘काका, हे सालीतलं न्हवं. क्रोमचं हाय, वरनं रंग मारलाय.’’ पुढे मुलांनी ओल्या चामड्यावर नक्षीचे ठसे ठोकले. पाच मिनिटांत ठसे पुसट झाले. एका मुलीने आपले नाव तीन वेळा उठवले, तिन्ही वेळा ते विरून गेले. तिचा पडलेला चेहरा पाहून मला माझ्या कोटेशनची लाज वाटली.

त्या फसगतीमुळे मी या विषयाच्या मागे लागलो, आणि शेवटी माझ्याच जुन्या कर्जखात्यापाशी येऊन पोहोचलो. तो हिशेब आज मांडतो आहे.

सालीतले आणि क्रोमचे

कातडे कुजते, चामडे कुजत नाही. मधल्या प्रक्रियेला मराठीत ‘कमावणे’ म्हणतात. ती मुख्यतः दोन प्रकारे होते.

पहिला प्रकार झाडांचा. बाभळीची साल, हिरडा, तरवडाची साल यांत तुरट द्रव्य असते. कच्चे हिरडे चावले की जीभ ज्याने आवळते, तेच ते. चुन्याच्या पाण्यात केस सोडवलेले कातडे या सालींच्या पाण्यात मुरत ठेवतात. आपल्या कोल्हापूर-बेळगाव पट्ट्यात एक खास पद्धत होती. कातडे पखालीसारखे शिवायचे, आत साल, हिरडा आणि पाणी भरायचे आणि ते टांगून ठेवायचे. पाणी कातड्यातून पाझरत राहते आणि ते आतून-बाहेरून पिकते. कच्चे कातडे आल्यापासून तयार चामडे हातात येईपर्यंत महिना ते दीड महिना जातो. इंग्रजी नावातला ‘व्हेज’ म्हणजे या झाडांच्या साली. चामडे जनावराचेच असते. आणि हल्ली ‘व्हीगन लेदर’ म्हणून जे मिळते, ते बहुतेक वेळा प्लास्टिकचा थर दिलेले कापड असते. नावे सारखी वाटतात, वस्तू वेगळी असते.

दुसरा प्रकार क्रोमियमच्या क्षारांचा. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तो रूढ झाला. फिरत्या पिंपात एका दिवसात कातडे कमावून होते आणि निळे दिसते. आज जगातले बहुतांश चामडे याच पद्धतीचे आहे. ते वाईट नव्हे. मऊ असते, पाण्याला टिकते, आपल्या रोजच्या बुटांना तेच लागते. पण त्यावर ठसा टिकत नाही, कड घासून गुळगुळीत होत नाही, आणि हातात राहून त्याचा रंगही तसा पिकत जात नाही. हातकामाला सालीतलेच हवे.

मधला एक रस्ताही आहे. आफ्रिकेत मोठ्या प्रमाणावर लावलेल्या वॉटलच्या सालीचा किंवा दक्षिण अमेरिकेतल्या क्वेब्राचो लाकडाचा तयार अर्क वापरून, पिंपात फिरवून, वनस्पतीजन्य चामडे थोड्या दिवसांत करतात. हा प्रकार खराच व्हेज-टॅन आहे. वाजवी भावाचे चामडे मिळते ते मुख्यतः यातूनच. तामिळनाडूतले ‘ईस्ट इंडिया लेदर’ आणि कानपूरचे खोगीर-सामानाचे चामडे ही आपल्या देशातली जुनी नावे. कोलकात्याहूनही माल येतो. तेव्हा स्वस्त म्हणजे खोटेच, असे नाही. स्वस्त कशामुळे, हे मात्र विचारावे लागते.

भावातला वेळ

आता माझ्या जुन्या धंद्याची भाषा वापरतो. सालीतल्या चामड्याच्या किमतीत कातडे, साल आणि मजुरी यांच्याइतकाच मोठा भाग वेळेचा असतो. वेळ म्हणजे अडकलेले पैसे.

समजा, एका कमावणाऱ्याने कच्च्या मालात आणि मजुरीत पैसे घातले. चाळीस दिवस माल कुंडात. विकल्यावर चपला करणारा चाळीस दिवसांनी पैसे देणार, कारण त्यालाही दुकानदार उशिराच देतो. म्हणजे घातलेला रुपया ऐंशी दिवसांनी परत आला. क्रोमवाल्याचे काम बारा दिवसांत आटोपले आणि उधारी तीस दिवसांची धरली, तर त्याचा रुपया बेचाळीस दिवसांत मोकळा. वर्षाला बारा लाखांचा खर्च फिरवायचा असेल, तर पहिल्याला सुमारे दोन लाख त्रेसष्ट हजारांचे खेळते भांडवल लागते, दुसऱ्याला एक लाख अडतीस हजारांचे. बँक मिळाली नाही आणि सावकाराकडून शेकडा तीन रुपये महिन्याने काढले, तर पहिल्याच्या खर्चावर आठ टक्के व्याज चढते, दुसऱ्याच्या सव्वाचार टक्क्यांच्या आत राहते. ही फक्त वेळेची किंमत.

म्हणून ‘शुद्ध सालीतले’ आणि भाव मात्र क्रोमचा, असे कोणी सांगितले, तर तीनपैकी एक गोष्ट असते. माल खोटा असतो, किंवा पोटाचा-कडेचा उरलेला असतो, किंवा कोणाला तरी त्याच्या वेळेचे पैसे मिळालेले नसतात.

हे मी आज एवढ्या सहज लिहितो, पण नव्वदच्या दशकात मला ते कळले नव्हते. निपाणी-अथणी भागातल्या एका शाखेत मी तेव्हा कर्जविभाग पाहत होतो. ढोर समाजातले एक वयस्कर गृहस्थ खेळत्या भांडवलाची मर्यादा वाढवून मागायला आले. परतफेड चोख होती. मी पाहणीला गेलो. चुन्याचे कुंड, सालीचे कुंड, वर टांगलेल्या पखाली. वास सहन होईना म्हणून नाकाला रुमाल लावूनच मी उभा होतो. नियमाप्रमाणे माल मोजता यावा, ओळखता यावा, विकता यावा. कुंडातले अर्धे पिकलेले कातडे धड कच्चा माल नव्हे, धड तयारही नव्हे. मी त्याची किंमत शून्य धरली. ते म्हणाले, ‘‘सायेब, कुंडात पडलंय म्हंजे काम थांबलंय न्हवं. साल काम करायलीया की.’’ मी मान डोलावली आणि शाखेत येऊन अर्ज नामंजुरीच्या शिफारशीसह वर पाठवला.

नियमात माझी चूक नव्हती. पण आमच्या कागदात वेळ हा धोका होता आणि त्यांच्या धंद्यात वेळ हेच काम होते. तीनेक वर्षांनी त्यांचे खाते बंद झाले, थकबाकी एक पैसा नव्हती. मुलगा गवंडीकामाला लागल्याचे नंतर कळले. त्या एका नामंजुरीने कुंड बंद पडले, असे मी म्हणत नाही. विजेचे पंप आले तशा मोटा गेल्या आणि मोटांबरोबर जाड चामड्याचे गावोगावचे गिऱ्हाईक गेले. क्रोम आले. शिकलेल्या मुलांना हा धंदा नको झाला, आणि ज्या समाजाने शतकानुशतके या कामासाठी त्यांना गावाबाहेर ठेवले, त्याने त्यांना दोष देऊ नये. पण बंद होण्याच्या कारणांच्या यादीत एक सही माझी आहे, हे खरे.

शिबिराला आलेल्या कारागिरांना मी विचारले, ‘‘तुम्ही चामडे कुठून आणता?’’ वडील गावातल्या गावात घेत, ते चेन्नईहून मागवतात. शतकानुशतके जिथे चामडे कमावले गेले, त्या भागातला माणूस आज शेकडो मैलांवरून, कुरियरने आलेल्या गुंडाळीवर अवलंबून आहे. आपणही त्याच रांगेत उभे आहोत.

बातम्यांत चप्पल, मागे चामडे

जून २०२५ मध्ये मिलान इथल्या प्राडाच्या फॅशन शोमध्ये कोल्हापुरीसारख्या चपला दिसल्या आणि श्रेय कुठेच नव्हते. आपल्या मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावरही दोन दिवस दुसरा विषय नव्हता. पुढे कंपनीने प्रेरणा भारतीय असल्याचे मान्य केले. मुंबई उच्च न्यायालयातली जनहित याचिका फेटाळली गेली, कारण हक्क सांगायचा तर तो नोंदणीधारकांनी सांगायचा. डिसेंबर २०२५ मध्ये कंपनीने महाराष्ट्राच्या आणि कर्नाटकाच्या चर्मोद्योग महामंडळांशी करार करून इथेच दोन हजार जोड बनवून घेण्याचे जाहीर केले, किंमत जोडीला सुमारे आठशे युरो.

आपल्यापैकी अनेकांना हे ठाऊक नसेल, की २०१९ मध्ये कोल्हापुरी चपलेला मिळालेले भौगोलिक मानांकन या दोन्ही महामंडळांच्या नावे आहे. त्यात महाराष्ट्राचे कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकाचे बेळगाव, बागलकोट, धारवाड, विजापूर असे आठ जिल्हे येतात. इतर बाबतींत सीमेवरून काहीही होवो, चपलेने दोन्ही बाजूंना एका कागदावर आणले आहे.

पण मानांकन चपलेला आहे. तिच्याखालचे सालीतले चामडे कमावणाऱ्याचे काय? सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत अठरा कारागिरी आहेत. पाच टक्के व्याजाने आधी एक लाख, मग दोन लाख रुपये कर्ज मिळते. यादीत चप्पल-जोडे करणारा चर्मकार आहे. कातडे कमावणारा नाही. २०२५च्या अर्थसंकल्पात ‘वेट ब्लू’वरचे आयातशुल्क पूर्ण माफ झाले. वेट ब्लू म्हणजे तेच क्रोमचे निळे कातडे. निर्यातीच्या कारखान्यांना याचा फायदा आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण साल-हिरड्याच्या बाजूने असे काही ठळक झालेले नाही.

कच्च्या मालाचीही अडचण आहे. महाराष्ट्रात २०१५ पासून बैल-वळूंच्या आणि कर्नाटकात २०२१ पासून जवळजवळ सर्व गोवंशाच्या कत्तलीवर बंदी आहे. त्या कायद्यांवर मत देण्याची ही जागा नाही. परिणाम एवढाच नोंदवतो, की जवळपासचा कातड्याचा पुरवठा आटला आणि कारागिरांचा भर म्हशीच्या चामड्यावर आला.

एक बातमी मात्र चांगली. २२ सप्टेंबर २०२५ पासून तयार चामड्यावरचा जीएसटी बारा टक्क्यांवरून पाचवर आला, आणि अडीच हजार रुपयांपर्यंतच्या पादत्राणांवरही पाच टक्केच झाला. हौशी माणसाला आणि छोट्या कारागिराला हा खरा दिलासा आहे. जुन्या दराने बिल कोणी लावत असेल, तर विचारा.

मागवताना काय पाहावे

आता उपयोगाचे. हे मी फसून शिकलो आहे, त्यामुळे शिकवणीची फी भरलेली आहे असे समजा.

पहिले, फुटाचा भाव पाहू नका, वापरता येणाऱ्या फुटाचा पाहा. आमचे २० फूट १२० दराने २४०० रुपये, जीएसटी १२०, कुरियर ४८०, एकूण ३०००. त्यात पोटाकडचा ताणणारा, सुरकुतलेला भाग इतका, की उपयोगी फार तर ११ फूट. म्हणजे फूट पडला २७३ रुपयांना, आणि तोही खोटा. दुसऱ्यांदा १८० दराने घेतले : ३६०० अधिक जीएसटी १८०, कुरियर ३००, एकूण ४०८०. उपयोगी १६ फूट. फूट २५५ रुपयांना. महाग म्हणून ज्याला मी नाकारले होते, तोच स्वस्त निघाला.

दुसरे, कोणता भाग आहे ते लेखी विचारा. पाठीचा भाग घट्ट आणि एकसारखा, पट्ट्यांना उत्तम. खांद्याचा त्याखालोखाल, थोड्या वळ्या असतात, पिशव्यांना चालतो. पोटाचा ताणतो, त्याच्या छोट्या वस्तूच कराव्यात. जाडीही मिलिमीटरमध्ये विचारा. पाकिटाला एक ते दीड, कमरेच्या पट्ट्याला साडेतीन ते चार. परदेशी विक्रेते औंस लिहितात. एक औंस म्हणजे साधारण ०.४ मिलिमीटर.

तिसरे, आधी नमुना मागवा. तळहाताएवढा तुकडा पैसे देऊन घ्यावा लागला तरी घ्या आणि घरीच तपासा. कड कापून मध्ये निळी-राखाडी रेघ आहे का पाहा. पाण्याचा थेंब टाका, रंग न चढवलेले सालीतले चामडे तो पिऊन गडद होते. गंजके खिळे रात्रभर व्हिनेगरमध्ये ठेवून त्याचा थेंब टाकला, तर सालीतले काळे पडते. सगळ्यांत पक्की परीक्षा उकळत्या पाण्याची. बोटाएवढा तुकडा मिनिटभर टाका. निव्वळ सालीतले आक्रसून वळते, क्रोमचे बहुधा तसेच राहते. अर्धे क्रोम, अर्धे साल असा भेसळीचा माल खिळ्याच्या परीक्षेत पास होतो, पण इथे पकडला जातो. पातेले मात्र स्वयंपाकाचे घेऊ नका. आमच्या घरी त्यावरून झालेले इथे लिहीत नाही.

चौथे, कागद. परराज्यातला विक्रेता चामडे पाठवत असेल, तर त्याची जीएसटी नोंदणी असायलाच हवी. क्रमांक मागा आणि जीएसटीच्या संकेतस्थळावर पडताळा. पहिले दोन अंक राज्याचे : बंगाल १९, तामिळनाडू ३३, उत्तर प्रदेश ०९, महाराष्ट्र २७, कर्नाटक २९. कोलकात्याचा कारखाना सांगून क्रमांक भलत्याच राज्याचा निघाला, तर आणखी दोन प्रश्न विचारा. फोनवर ओळख काढून थेट यूपीआयने पूर्ण आगाऊ रक्कम कधीच पाठवू नका.

पाचवे, तक्रार. २०२०च्या ई-कॉमर्स नियमांनुसार जाहिरातीतल्या वर्णनाशी न जुळणारा माल परत घ्यायला विक्रेता नकार देऊ शकत नाही. तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण महिन्याभरात व्हायला हवे. गुंडाळी उघडतानाच फोनवर चित्रण करा आणि तपासल्याशिवाय कापू नका. कापलेला माल परत करणे अवघड जाते. ते मी केले नाही म्हणूनच गप्प बसलो. दाद न मिळाल्यास ग्राहक हेल्पलाइन १९१५, आणि पैशांची सरळ फसवणूक झाली तर तातडीने १९३०. घरी पिशव्या करून विकणाऱ्या आपल्या भगिनींसाठी एक महत्त्वाचे : स्वतःच्या पोटापाण्यासाठी, स्वयंरोजगार म्हणून माल घेणाराही कायद्याने ‘ग्राहक’च असतो. ‘तुम्ही धंद्यासाठी घेतले’ म्हणून कोणी टोलवले, तर ऐकून घेऊ नका.

आणि शेवटचे आपल्या गावापुरते. पावसाळ्यात मागवू नका. आपल्या बेळगावच्या चार महिन्यांच्या ओलीत सालीतल्या चामड्याला आठवड्यात बुरशी धरते. दसऱ्यानंतर घ्या, प्लास्टिकऐवजी सुती कापडात गुंडाळून ठेवा.

एक प्रस्ताव

दिवाळीनंतर दुसरे शिबिर घ्यायचे आपल्या कार्यकारिणीने ठरवले आहे. माझा प्रस्ताव असा. प्रत्येकाने दोन-दोन फूट वेगळे मागवून कुरियरवर पैसे घालण्यापेक्षा मंडळाने एकत्र खरेदी करावी. ती अथणी, निपाणी किंवा कोल्हापूरच्या एखाद्या कारागिरामार्फत करावी. चामडे पारखण्याची त्यांची नजर आपल्याकडे नाही, तेव्हा त्या पारखीचा मोबदला बिलात वेगळा दाखवून द्यावा. आणि पन्नास टक्के रक्कम आगाऊ द्यावी. विक्रेत्याची खात्री पटलेली असली की आगाऊ देण्यात धोका नाही, आणि त्यांच्या रुपयाचे दिवस तेवढे कमी होतात. मंडळाच्या ठेवीवर मिळणारे दोन महिन्यांचे व्याज बुडेल. ती रक्कम मी काढली आहे, वीस हजारांच्या खरेदीला दोनशे रुपयेही होत नाहीत.

ज्या मुलीचे नाव तीनदा विरले होते, तिला दुसऱ्या गुंडाळीतला तुकडा दिला. तिने ‘आजी’ असा शब्द उठवून किल्ल्यांची दोरी केली. ती आजी मंडळाच्या सभासद आहेत. ठसा अजून तसाच आहे, असे त्यांनी परवाच सांगितले.

आकड्यांत काही चूक आढळल्यास जरूर कळवावी. चूकभूल द्यावी घ्यावी.